दूध तोडलेल्या पिल्लांना ओवा-लसूण देताय? या चुका टाळा

डुकराच्या पिल्लांचं दूध तोडलं की हगवण लागते आणि मग फोन सुरू, ओवा किती टाकू, लसूण किती टाकू. ओव्यातलं थायमॉल, लसणातलं अ‍ॅलिसिन जंतूंना आवरतं हे खरंच आहे. आपल्याकडे २०१९ मध्ये जनावरांसाठी कोलिस्टिन हे अँटिबायोटिक बंद झालं, युरोपात २०२२ पासून हगवणीसाठी पिल्लांना द्यायचं औषधी डोसचं झिंक ऑक्साइड बंद, त्यामुळे सगळे वनस्पतींकडे वळलेत आणि ते चांगलंच आहे. पण पिल्लू खातंय का, हे आधी कुणी बघतच नाही!

सगळ्यात मोठी चूक म्हणजे जास्त टाकलं तर जास्त फायदा असं समजणं. सांगलीकडच्या एका तरुणाने बोलावलं होतं, म्हणाला हर्बल काही काम करत नाही. गेलो तर शेडच्या बाहेरूनच ओव्याचा वास. व्हिडिओ बघून त्याने ओव्याचं तेल पाकिटावर लिहिलेल्याच्या दुप्पट टाकलेलं, फरक पडेना म्हणून दुसऱ्या दिवशी अजून टाकलं. गव्हाणीत खाद्य तसंच पडलेलं, थंडीचे दिवस, पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसलेली आणि पाण्याचं निपल मोठ्या डुकरांच्या उंचीवर. अर्कतेलाचा हिशोब टनामागे ग्रॅममध्ये असतो, बुचाने ओतायचा नसतो. पिल्लाला तो वास झोंबतो, ते तोंड फिरवतं, आणि दूध तुटल्यावर एक-दोन दिवस जरी पोट रिकामं राहिलं तरी आतड्याच्या आतल्या बारीक लव आखूड होतात, मग जे खाल्लं ते पचत नाही आणि न पचलेल्यावर ई. कोलाय हा हगवणीचा जंतू वाढतो. म्हणजे हगवण थांबवायला टाकलेल्या तेलानेच हगवण वाढली.

ते सगळं खाद्य काढायला लावलं. मका भरडा आणि दूध पावडरची पातळ पेज थोडी थोडी करून दिवसातून बरेचदा, खाली कोरडी पोती, वर बल्ब, निपल खांद्याच्या उंचीला, ओआरएस, आणि जी अगदीच गळाली होती त्यांना डॉक्टर. दोन दगावली, बाकीची उठली. ओवा परत सुरू केला तो सगळी गव्हाणीवर यायला लागल्यावर, अगदी थोडा.

माझी सवय सांगतो, मी ओवा-लसणासारखी कुठलीही पावडर दूध तोडायच्या आधीच, आईजवळ असताना क्रीप खाद्यातून (दूध पिणाऱ्या पिल्लांना वेगळं ठेवतात ते खाद्य) सुरू करतो म्हणजे वास ओळखीचा होतो. आधी किलोभर भरड्यात मिसळायची, मग ते दहा किलोत, मग सगळ्यात. एकदम पोत्यात टाकून फावड्याने हलवणाऱ्यांना कितीही सांगा, घाईच असते, मग एका पिल्लाच्या वाट्याला सगळं आणि दुसऱ्याला काहीच नाही.

पाणी तपासत नाहीत हे तर नेहमीचंच. निपलखाली लिटरची बाटली धरा, दोन मिनिटांत भरली नाही तर आधी पाइप साफ करा, ओवा नंतर.

गरम शिजवलेल्या खाद्यात तेल टाकू नका, वाफेबरोबर उडून जातं. पत्र्याखाली उघड्या पोत्यात ठेवलेली पावडर दोन महिन्यांनी नुसता भुसाच असतो. ज्या पाकिटावर घटक आणि प्रमाण लिहिलेलं नाही ते घेऊच नका, स्वस्त असलं तरी. शेंगपेंडेला बुरशीचा वास येत असेल तर कितीही हळद घाला, विष तिथेच राहतं. कच्चं सोयाबीन भरडून घालणाऱ्यांनी तर आधी ते बंद करावं, त्यातले घटक प्रथिनं पचूच देत नाहीत.

आणि हगवणीत रक्त दिसलं, पापण्या सुजल्या किंवा पिल्लं झोकांड्या खायला लागली तर काढा उकळत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर बोलवा. मोठी डुकरंही तापाने पडायला लागली आणि कान लाल-निळे झाले तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा आणि तोवर फार्मवरून एकही जनावर बाहेर काढू नका.