सेवेत नवीन आहात? प्रगती लोकांना दिसेल अशी मेहनत कशी करायची

संडे स्कूल घेणारे, तरुण संघाचे लीडर, कधीमधी चर्चमध्ये संदेशाला (प्रवचनाला) उभे राहणारे, तुमच्यासाठी लिहितोय. प्रेषित पौलाचा सहकारी तीमथ्य इफिसच्या मंडळीत (चर्चमध्ये) होता, वयाने लहान, त्यामुळे लोक हलक्यात घेत असणार. पौल त्याला भांडत बस असं सांगत नाही, तो म्हणतो वाचन, बोध, शिक्षण यांत गढून जा म्हणजे तुझी प्रगती सगळ्यांना दिसेल (बायबलमधलं त्याला लिहिलेलं पहिलं पत्र, १ तीमथ्य ४). प्रगती म्हटलंय हं, त्यामुळे मागच्या वर्षी तुम्ही अडखळत होता हे मंडळीला माहीत असलं तरी काही बिघडत नाही.

सुरुवात वाचनापासून करा. इथे वाचन म्हणजे सभेत मोठ्याने वाचणं, कारण तेव्हा घरोघरी शास्त्र नव्हतं, लोक ऐकायचे. आपल्याकडेही चष्मा विसरलेल्या आजी असतातच की! शनिवारी रात्री तो उतारा तीनदा मोठ्याने वाचा, मलकीसदेक, नबुखद्नेस्सर असली नावं जिभेवर बसवा, कुठे थांबायचं तिथे पेन्सिलने खूण करा. माझ्या मते सगळ्यात आधी लोकांच्या लक्षात येतं ते हेच, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षही ह्याच्याकडेच होतं.

मग एकच पुस्तक धरा. पहिलं तीमथ्य सहाच अध्याय आहे, एका बैठकीत अर्ध्या तासाच्या आत होतं, ते महिनाभर परत परत वाचा आणि प्रश्न वहीत लिहा. यूट्यूबवरचा संदेश उचलून देऊ नका, तोच व्हिडिओ अर्ध्या मंडळीला आधीच फॉरवर्ड आलेला असतो. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनचा एवढा पसारा सांभाळत हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं, त्या १९२२ मध्ये गेल्या आणि ते छापून आलं १९२४ मध्ये. आपल्याला निदान रोज एक अध्याय जमायला हरकत नाही.

संदेश झाल्यावर "कसा झाला?" विचारू नका, सगळे "छान झाला, प्रभूची स्तुती असो" म्हणून चहाकडे वळतात. एखाद्या वडीलधाऱ्यांना गाठून विचारा, "काका, काय लक्षात राहिलं? कुठे कंटाळा आला?" उत्तर ऐकून घ्या, लगेच बाजू मांडायला जाऊ नका.

घरभेटीत कुणी प्रार्थनेचा विषय दिला तर नावासकट लिहून ठेवा आणि पुढच्या रविवारी आपणहून विचारा, ऑपरेशन झालं का, मुलाचा रिझल्ट काय लागला. दानाचे पैसे मात्र एकट्याने मोजू नका, दोघांनी मोजून तिथल्या तिथे सही करा.

स्टेटसला सेवेचे फोटो टाकायचे तर टाका, पण पौल "सर्वांना" म्हणतो त्यात घरचे पण येतात, आणि तुम्ही चिडता कधी, फोन किती वेळ बघता हे त्यांना बरोबर ठाऊक असतं. त्याच चौथ्या अध्यायाच्या सोळाव्या वचनात आधी स्वतःकडे लक्ष दे म्हटलंय, शिक्षणाचा नंबर त्यानंतर आहे.