जुन्या पीसीवर लिनक्स टाकू का? आधी घरातलं हे बघून घ्या

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतंच, की घरी जुना डेस्कटॉप आहे, विंडोज ११ घेत नाहीये, लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम (ओएस), टाकू का. हो किंवा नाही असं पटकन नाही सांगता येत, कारण मशीन कुठलं आहे यापेक्षा घरात त्यावर कोण काय करतं यावर सगळं ठरतं. मी ज्या क्रमाने बघतो तसंच लिहितोय.

आधी म्हणजे घाई नाहीये. सपोर्ट संपला म्हणून मशीन बंद पडत नाही, सिक्युरिटी अपडेट यायचे थांबतात, आणि घरगुती पीसीला तेही ईएसयू (एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स) नावाच्या स्कीममध्ये १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. व्हर्जन २२एच२ पाहिजे, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की पैसेही लागत नाहीत, विंडोज अपडेटच्या स्क्रीनवरच त्याची लिंक येते. बँकेची कामं त्याच मशीनवर होत असतील तर हे आजच करून टाका आणि बाकीचं निवांत वाचा.

आता मशीन. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, त्यात अबाउट, तिथे प्रोसेसर आणि रॅम दिसते. इंटेलचा असेल तर आय-फाइव्हच्या पुढचा आकडा बघा, ३४७० म्हणजे तिसरी जनरेशन, ८४०० म्हणजे आठवी. विंडोज ११ ला आठवी किंवा त्यापुढची लागते आणि टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागतं. गंमत अशी की बऱ्याच बोर्डांवर टीपीएम असतं पण बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये, बंद असतं, इंटेलवाल्यांत पीटीटी नावाने आणि एएमडीत एफटीपीएम नावाने, ते चालू केलं की आठवी जनरेशनवाल्यांचा प्रश्न तिथेच मिटतो, लिनक्स-बिनक्स काही नको. रुफस हे पेनड्राइव्हवर ओएस चढवायचं सॉफ्टवेअर वापरून जबरदस्तीने विंडोज ११ टाकता येतं हे खरं, पण अशा मशीनला अपडेट मिळत राहतील याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही, आणि अगदी जुन्या कोअर टू ड्युओवर तर विंडोज ११ चं २४एच२ व्हर्जन बूटच होत नाही. घरच्यांच्या मशीनवर मी हा उद्योग करत नाही.

मग टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स टॅब उघडा आणि डिस्कखाली एचडीडी लिहिलंय की एसएसडी ते बघा. एचडीडी असेल तर तुमची अर्धी तक्रार ओएसची नाहीच. लोक म्हणतात विंडोज स्लो झालं, आणि डिस्क बघावी तर शंभर टक्क्यांवर अडकलेली. मुंबईत असाल तर ग्रँट रोडला उतरा, लॅमिंग्टन रोडला चालत जा, अडीच इंची साटा एसएसडी घ्या, बिल आणि वॉरंटी मागून घ्या. रॅम ४ जीबी असेल तर तिथेच तुमच्या बोर्डाला चालणारी (जुन्या मशीनला बहुतेक डीडीआर३) एक स्टिक बघा, पण आधी बोर्डावर स्लॉट मोकळा आहे का ते घरून बघून जा, आणि लॅपटॉपची रॅम वेगळी असते हे लक्षात ठेवा. अजून एक बारीक गोष्ट, मशीनचं घड्याळ दर वेळी मागच्या कुठल्यातरी वर्षात जात असेल तर बोर्डावरची सीआर २०३२ बटन बॅटरी संपलीय. तारीख चुकली की वेबसाइट सर्टिफिकेट एरर देतात आणि सगळे ब्राउझरला शिव्या घालत बसतात. ती बदलायला फारसा खर्च नाही.

आता खरा मुद्दा, घरात कामं कुठली. फक्त यूट्यूब, मेल, व्हॉट्सॲप वेब, मुलांची गुगल मीट, अधूनमधून पीडीएफ, आणि साधा आयटीआर-१, तर हे सगळं ब्राउझरमध्ये होतं आणि लिनक्सवर आरामात चालतं. पण वडील सोसायटीचे खजिनदार आहेत आणि हिशोब टॅलीत, म्हणजे विंडोजवर चालणाऱ्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, आहे, किंवा घरात कोणी जीएसटी, एमसीएची (कंपन्यांच्या सरकारी पोर्टलची) कामं डीएससी टोकन, म्हणजे डिजिटल सहीची यूएसबी, लावून करतं, तर त्या मशीनला हात लावू नका. काही टोकनचे लिनक्स ड्रायव्हर मिळतात, पण टोकन, ब्राउझर आणि पोर्टलची सही करायची युटिलिटी या तिघांचं जमवत बसायचं आणि तेही ड्यू डेटच्या रात्री, कशाला. ज्या मशीनवर कोणाची कमाई आहे ते विंडोजवरच राहू दे, हे माझं स्पष्ट मत आहे, लिनक्सवाले मित्र चिडले तरी.

मराठी टायपिंग वेगळं तपासा. युनिकोडमध्ये टाइप करत असाल तर काळजी नाही, इनस्क्रिप्ट कीबोर्ड लेआउटमध्येच मिळतो आणि फोनेटिक पाहिजे तर आयबस आणि एम१७एन ही टायपिंगची पॅकेजेस टाकून घ्यायची. पण श्रीलिपीच्या किंवा तसल्या जुन्या फॉन्टमधल्या फाइली, म्हणजे मंडळाच्या पावत्या, सोसायटीच्या नोटिसा, जुन्या निमंत्रणपत्रिका, त्या नुसत्या उघडून मराठी दिसणार नाही, अगम्य अक्षरं दिसतील. विंडोज आहे तोवर त्यांची पीडीएफ करून ठेवा किंवा युनिकोडमध्ये बदलून घ्या. मंगल फॉन्टही लिनक्ससोबत येत नाही, त्यामुळे वर्डमधला अर्ज लिब्रेऑफिसमध्ये उघडला की ओळी खालीवर होतात.

आणि प्रिंटर! सगळ्यात जास्त डोकं इथेच जातं. एप्सनच्या एल सिरीजच्या इंकटँकला सहसा त्रास नाही, ब्रदर स्वतः लिनक्स ड्रायव्हर देतं, एचपीचा लेझरजेट १०२० चालतो पण एचपीलिप या एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरचा प्लगइन डाउनलोड करावा लागतो. कॅननचा एलबीपी २९००, जो आपल्याकडे प्रत्येक झेरॉक्सवाल्याकडे आणि निम्म्या घरांत दिसतो, तो मात्र नखरे करतो, त्याचा कॅप्ट ड्रायव्हर जुना आहे आणि बसवायला चिकाटी लागते. तो असेल तर प्रिंट कशी काढणार हे आधी ठरवा.

एवढं करून लिनक्सकडे कल असेल तर ओएस लगेच बदलू नका, आधी ॲप बदला. आहे त्या विंडोजवरच फायरफॉक्स, लिब्रेऑफिस, व्हीएलसी टाका आणि महिनाभर घरच्यांना तेच वापरू द्या. एक्सेलमध्ये मॅक्रो वापरणारं कोणी असेल तर पहिल्याच आठवड्यात ओरड येईल, आणि ती आत्ता आलेली बरी.

मग ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, लिनक्स मिंट या लिनक्सच्या प्रकाराची आयएसओ (इन्स्टॉलची फाइल) डाउनलोड करून रुफस किंवा बलेना एचरने त्यावर चढवा, रिस्टार्ट करताना एफ १२, एफ ९ किंवा एस्केप, कंपनीप्रमाणे जे असेल ते दाबून पेनड्राइव्हवरून बूट करा. ८ जीबी रॅमला मिंटची सिनॅमन एडिशन, ४ ला एक्सएफसीई ही हलकी एडिशन. २ जीबीवर मिंट सुरू होईल पण आजच्या वेबसाइट तिथे गुदमरतात, त्यात वेळ घालवू नका. मिंटच्या २२ सिरीजला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. गुगलची क्रोमओएस फ्लेक्स ही ओएसही आहे, ४ जीबीवर चालतं आणि आजी-आजोबांना सोपं पडतं, फक्त त्यात प्ले स्टोअर नाही आणि विंडोजच्या शेजारी ते ठेवता येत नाही, डिस्क पूर्ण पुसली जाते.

पेनड्राइव्हवरून चालवताना स्पीड बघू नका, तो हळूच असणार. बघायचं ते वायफाय, आवाज, वेबकॅम, ब्राइटनेसची बटणं, झाकण बंद करून उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का, आणि प्रिंट निघते का. ब्रॉडकॉमचं वायफाय कार्ड असलेल्या जुन्या लॅपटॉपवर बऱ्याचदा नेट दिसत नाही, घाबरू नका, फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा आणि ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर घ्या.

घरात दुसरं कोण हे सांभाळणार तेही विचारून ठेवा, कारण गल्लीतल्या कॉम्प्युटरवाल्याला बोलावलंत तर तो बहुतेक काही न बघता फॉरमॅट मारून विंडोज टाकेल आणि पैसे घेऊन जाईल. तुम्ही ठाण्याला आणि आईवडील गिरगावात असतील तर फोनवरून लिनक्स समजावायची तयारी ठेवा.

टाकायचं ठरलंच तर ड्युअल बूटच्या (एकाच मशीनवर दोन्ही ओएस) भानगडीपेक्षा सोपा मार्ग आहे. फोटो आणि कागदपत्रं एक्स्टर्नल डिस्कवर कॉपी करा, बिटलॉकर (विंडोजचं डिस्क लॉक) चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या, मग जुनी विंडोजवाली हार्डडिस्क जशीच्या तशी काढून नवीन एसएसडी लावा आणि मिंट त्यावर टाका. जुन्या डिस्कवर तारीख लिहून कपाटात ठेवा. मार्चएंड आणि मुलांच्या परीक्षा पार पडेपर्यंत ती पुसू नका, नाही जमलं तर दोन केबल आणि चार स्क्रू, जुनं विंडोज परत जागेवर.