वाडगा कातायचा तर आधी रेषा वाचा

कुणी नवीन शिकायला आलं की मी अर्धवट कातलेला लाकडी वाडगा लेथवर, म्हणजे लाकूड फिरवत कातायच्या यंत्रावर, चढवते, लेथ बंदच ठेवते आणि त्याला सांगते, बाहेरच्या अंगावर बोटं टेकव. मग ठोकळा हातानं सावकाश फिरवते. एका फेऱ्यात बोटांना दोनदा गुळगुळीत लागतं आणि दोनदा खरखरीत. खरखरीत जागा बरोबर समोरासमोर असतात. असं का होतं हे ज्याला समजलं, त्याला पुढचं शिकवायला मला फार वेळ लागत नाही. म्हणून इथंही तिथूनच सुरुवात करते.

फळीतून गोल ठोकळा कापला की त्यात लाकडाचे तंतू, म्हणजेच त्याची रेषा, आडवे, या कडेपासून त्या कडेपर्यंत गेलेले असतात. ठोकळा फिरायला लागला की हत्याराच्या धारेसमोर आधी तंतूंची लांब बाजू येते, मग त्यांची कापलेली तोंडं, पुन्हा लांब बाजू, पुन्हा तोंडं. लांब बाजूवर धार सहज सरकते. तोंडांच्या जागी मात्र तंतूला पाठीमागून आधार नसेल तर तो कापला जाण्याऐवजी वाकतो आणि आत खोलवर उपटला जातो. बोटांना लागते ती खरखर हीच.

यातून कातण्याची दिशा ठरते. बाहेरून कातताना बुडाकडून काठाकडे जायचं, म्हणजे लहान व्यासाकडून मोठ्याकडे. आतून पोखरताना काठाकडून मध्याकडे. दोन्ही वेळा जो थर कापताय त्याच्या पुढचा थर जास्त लांब असतो आणि तो आधार देतो. उलट दिशेनं गेलात तर हत्यार कितीही धारदार असलं तरी लाकूड फाटणारच.

पहिल्या वाडग्यासाठी साधारण 150 मिमी व्यासाचा आणि 60 मिमी जाडीचा ठोकळा घ्या, म्हणजे सहा इंच रुंद आणि अडीच इंचाला थोडा कमी. लाकूड वाळलेलं हवं. चीर, सुटी गाठ, आत राहिलेला खिळा नीट शोधा. खोडाचा अगदी मधला बिंदू ठोकळ्यात येऊ देऊ नका, कारण वाळताना तिथूनच चिरा फुटतात. ओल्या लाकडाचाही वाडगा होतो आणि ओलं लाकूड कातायला फार सुख वाटतं, पण वाळताना ते तंतूंना आडव्या दिशेनं बरंच आक्रसतं, तंतूंच्या लांबीच्या दिशेनं मात्र जवळजवळ नाहीच. त्यामुळे गोल वाडगा लंबगोल होतो. त्यावर उपाय असा, की व्यासाच्या एक दशांश इतकी भिंत ठेवून कच्चा वाडगा कातायचा, काही महिने वाळवायचा आणि मग पुन्हा गोल करायचा. पहिल्याच वेळी हे करू नका. सुरुवातीला आंब्यासारखं मध्यम कठीण लाकूड बरं. शिसवाची धूळ पुष्कळांच्या त्वचेला आणि श्वासाला सोसत नाही.

अंगावर काय असावं यात मी कुणालाच सूट देत नाही. पूर्ण चेहरा झाकणारी ढाल, नुसता चष्मा चालत नाही. बाह्या कोपराच्या वर, केस बांधलेले, ओढणी, दुपट्टा, अंगठ्या काढून ठेवलेल्या. हातमोजे अजिबात नकोत. फिरत्या लाकडात मोज्याचं टोक सापडलं तर हातही आत ओढला जातो.

आता ठोकळा चढवायचा. पुढे ज्या बाजूचा आतला भाग पोखरून जाणार आहे, त्या बाजूला फेसप्लेट, म्हणजे लेथच्या फिरत्या टोकावर बसणारी लोखंडी चकती, स्क्रूंनी घट्ट बसवा. स्क्रूची भोकं नंतर आपोआप निघून जातात. टेलस्टॉक, म्हणजे लेथच्या दुसऱ्या टोकाचा सरकता आधार, पुढे आणून ठोकळ्याला टेकवा. टूल रेस्ट, म्हणजे हत्यार टेकवायची पट्टी, लाकडापासून बोटभर अंतरावर आणा आणि ठोकळा हातानं एक पूर्ण फेरा फिरवून बघा, कुठं घासत तर नाही ना. लेथ सुरू करताना बाजूला उभं राहायचं, ठोकळ्याच्या सरळ रेषेत कधीच नाही. वेग मिनिटाला 500 ते 600 फेऱ्यांपासून सुरू करा. ठोकळा गोल आणि तोलात आला की वाढवा. किती वाढवायचा याचा साधा हिशोब आहे: इंचातला व्यास गुणिले मिनिटाचे फेरे, हा गुणाकार 6000 ते 9000 च्या दरम्यान राहायला हवा. सहा इंचाला 1000 ते 1500 फेरे. लेथ थरथरली तर हिशोब काहीही सांगो, वेग कमी करा.

हत्यार एकच महत्त्वाचं, बाऊल गाऊज. गोल दांडा आणि त्यात खोल पन्हळ. याच्याशी नावानं सारखा दिसणारा, पण वेगळा असा एक रुंद गाऊज असतो, स्पिंडल रफिंग गाऊज. लांब दांडे कातायला तो उत्तम आहे, पण वाडग्याला तो लावू नका. त्याचा मुठीत शिरणारा भाग पातळ असतो आणि वाडग्यातल्या तंतूंच्या तोंडांवर हिसका बसला तर तो तिथंच मोडतो. या कामातले अनेक वाईट अपघात असेच होतात.

गाऊज धरताना क्रम पाठ करा. आधी दांडा टूल रेस्टवर टेकवा. मग बेव्हल, म्हणजे धारेमागचा घासलेला उतार, फिरत्या लाकडावर टेकवा. या वेळी काहीच कापलं जात नाही, फक्त हलकी टकटक ऐकू येते. मग मूठ हळूहळू वर उचला. उतार लाकडावर टेकलेलाच राहतो, धार पुढे येते आणि एका क्षणी पहिलं सालपट सुटतं. तिथून पुढे हात नव्हे, कंबर आणि पाय चालवायचे. मूठ मांडीशी टेकवून वजन एका पायावरून दुसऱ्यावर न्या. धार चांगली असेल तर लांब कुरळी सालपटं मनगटावरून वाहतात आणि आवाज सळसळीचा येतो. भुसा उडायला लागला आणि आवाज खरवडल्यासारखा झाला की धार गेली असं समजा. मी वाडगा कातताना दर काही मिनिटांनी ग्राइंडरवर जाते. नवख्या माणसाला हे वेळ घालवणं वाटतं, पण फाटलेले तंतू नंतर पॉलिश पेपरनं काढायला दहापट वेळ जातो, आणि तरीही ते नीट निघत नाहीत.

बाहेरचा आकार मनासारखा होईपर्यंत आत हात घालू नका. मी एक बारीक साखळी जवळ ठेवते. दोन्ही टोकं धरून ती लोंबकळू दिली की जो वळसा पडतो तो वाडग्याच्या बाहेरच्या अंगाला शोभतो. साखळीची टोकं जवळ आणा, वळसा खोल होतो, दूर न्या, उथळ होतो. लेथ बंद करून साखळीचा वळसा वाडग्याच्या रेषेशी ताडून बघा. जिथं अंग सपाट झालंय किंवा फुगलंय ते डोळ्याला लगेच दिसतं. बूड साधारण व्यासाच्या एक तृतीयांश ठेवा. रुंद बुडाचा वाडगा बसकट आणि जड दिसतो.

याच वेळी बुडाला टेनन कातून ठेवायचं. म्हणजे चकच्या (लेथवर लाकूड धरणाऱ्या पकडीच्या) जबड्यांनी पकडायचा बुटका गोल खुंट. 50 मिमीच्या जबड्यांसाठी मी 55 मिमीचं टेनन करते, उंची 6 मिमी. त्याच्या बाजू जबड्यांच्या आकाराशी जुळायला हव्यात आणि मुळाशी स्वच्छ, सपाट खांदा हवा. टेनन चकच्या तळाला टेकता कामा नये. भार खांद्यानं जबड्यांच्या माथ्यावर घ्यायचा असतो. माझ्या दुसऱ्या वर्षात मी टेनन थोडं लांब ठेवलं होतं. ते तळाला टेकलं, खांदा मात्र जबड्यांपासून कागदभर वर राहिला. मला ती फट दिसली होती, तरी मी लेथ सुरू केली. आतून दुसऱ्याच कापाला हिसका बसला, टेनन मुळाशी मोडलं आणि ठोकळा थेट माझ्या चेहऱ्यावरच्या ढालीवर आदळला. ढालीला गालाच्या उंचीवर तडा गेला. ती ढाल मी ग्राइंडरच्या वर टांगून ठेवली आहे. तेव्हापासून चक आवळल्यावर खांद्याभोवती कागदाची पट्टी सरकवून बघते. ती कुठंही आत शिरली तर टेनन पुन्हा नीट करते.

वाडगा उलटा करून टेनन चकमध्ये पकडला की आधी काठाची बाजू सपाट करा. मग किती खोल जायचं ते ठरवा. 60 मिमी जाडीतून 6 मिमी टेनन गेलं, बुडाला 9 मिमी ठेवायचे, तर उरले 45. सपाट करताना जितकं लाकूड गेलं तितकं त्यातून वजा करा. ड्रिलच्या पात्याला तेवढ्या अंतरावर चिकटपट्टी गुंडाळा आणि मध्यावर भोक पाडा. पुढे पोखरताना भोक दिसेनासं झालं की थांबायचं. डोळ्यांच्या अंदाजावर बूड ठरवू नका, आत खोली नेहमी कमीच वाटते.

पोखरणं मध्यापासून सुरू करा. आधी छोटा खळगा, मग दर वेळी काठाच्या बाजूला थोडं सरकून मध्याकडे कापत जा. काठाजवळचा पहिला काप सर्वांत अवघड, कारण तिथं बेव्हलला टेकायला अजून भिंतच नसते आणि गाऊज काठावरून बाहेर घसरतो. पार्टिंग टूलनं, म्हणजे खाच पाडायच्या अरुंद हत्यारानं, तिथं दोन मिलिमीटरची खाच करून घ्या. गाऊजची पन्हळ मध्याकडे वळवून, जवळजवळ कुशीवर झोपवून खाचेत शिरवा आणि आत गेल्यावर ती थोडी उघडा.

काठापासून साधारण दोन सेंटिमीटरपर्यंतची भिंत शेवटच्या जाडीची करून घ्या, मगच खाली उतरा. पहिल्या वाडग्याला दोन सूत, म्हणजे 6 मिमी भिंत पुरे. मध्ये लाकूड भरलेलं असतं तोवर भिंत ताठ राहते. ते काढल्यावर काठ थरथरायला लागतो आणि तिथं परत हत्यार लावलं तर वळ्या उठतात. कधी काठच तुटतो. जाडी मोजायला लेथ थांबवून कॅलिपर लावा. कानही उपयोगी पडतो, भिंत पातळ होत जाते तसा कापाचा आवाज बदलत जातो. तळाच्या वळणावर उंचवटे राहिले तर रुंद गोल स्क्रेपर, म्हणजे खरवडायचं हत्यार, घ्या, मूठ थोडी वर, धार खाली झुकलेली, आणि अगदी हलका हात.

पॉलिश पेपरच्या आधी टूल रेस्ट काढून बाजूला ठेवा, म्हणजे बोटं त्यात सापडत नाहीत. तोंडावर धुळीचा मास्क, वेग पुन्हा 500 च्या आसपास. कागद वाडग्याच्या खालच्या भागात धरा. 120, 180, 240, 320, मधला नंबर गाळू नका. आता त्या दोन खरखरीत जागा लेथ थांबवून हातानं, रेषेच्या दिशेनं वेगळ्या घासा. 240 नंतर ओल्या फडक्यानं पुसून वाळू द्या. दबलेले तंतू उभे राहतात, ते 320 नं सहज निघतात.

टेनन काढायला चकमध्ये टाकाऊ लाकडाचा घुमटासारखा गोल तुकडा पकडा, त्यावर मऊ कापड घाला, वाडगा त्यावर उपडा ठेवा आणि टेलस्टॉकनं टेननच्या मध्यावर दाबून धरा. हलक्या कापांनी टेनन काढत बुडाला किंचित आत खोलगट करा, म्हणजे वाडगा डगमगत नाही. मध्ये उरलेला बोटाएवढा खुंट लेथ बंद करून पटाशीनं काढा.

तेल लावायचं तर वाळून घट्ट होणारं घ्या, जवसाचं किंवा अक्रोडाचं. भरपूर लावा, वीस मिनिटांनी वर राहिलेलं पुसा, पूर्ण वाळू द्या, मग दुसरा हात. पुसलेलं फडकं कधीच चुरगळून टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि गुंडाळलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. ते उघड्यावर सपाट पसरून वाळवा.

पहिलं तेल शिरताना वाडगा उजेडात धरून बघा. तंतूंची तोंडं जास्त तेल पितात, म्हणून त्याच समोरासमोरच्या दोन जागा बाकीच्या अंगापेक्षा गडद होतात. तिथं ठिपके ठिपके दिसले तर तंतू अजून फाटलेले आहेत. तेल वाळल्यावर त्या जागा पुन्हा 240 पासून घासा आणि मगच दुसरा हात द्या.