कोरडवाहू पिकांची कामे पाऊस, ओल आणि आभाळ पाहून कशी ठरवावीत

मराठवाड्यात एका गावाला झोडपणारा पाऊस शेजारच्या शिवारावर शिंतोडाही टाकत नाही. म्हणून पेरणीपासून फवारणीपर्यंतचे प्रत्येक काम आपल्याच रानातला पाऊस मोजून ठरवावे. त्यासाठी सपाट बुडाचा, सरळ कडांचा डबा झाडा-घरापासून दूर उघड्यावर ठेवावा आणि रोज सकाळी त्यातील पाणी पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजून, वहीत नोंदवून डबा रिकामा करावा.

मृग लागला की पेरणीची घाई सुरू होते. परंतु 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होईपर्यंत सोयाबीन पेरू नये, हा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा सल्ला कसोशीने पाळावा, कारण भारी काळ्या जमिनीचा वरचा थर भिजलेला दिसला तरी खाली कोरडी माती असते. तेवढ्या ओलीवर बियाण्याला मोड येतो आणि पुढे उघडीप पडली की तो करपून दुबार पेरणीची वेळ येते. दोन-तीन ठिकाणी वीतभर खोल उकरून तळची माती मुठीत दाबावी. तिचा गोळा होत असेल आणि वापसा आलेला असेल, म्हणजे जादा पाणी निचरून माती कामाजोगी झाली असेल, तरच पेरावे.

पावसात खंड पडल्यास प्रथम कोळपणी करावी, म्हणजे कोळप्याने ओळींमधली माती हलवावी, त्याने भेगा बुजून ओल टिकते. सोयाबीनच्या शेंगा भरताना पाण्याचा ताण पडला, तर 10 लिटर पाण्यात 100 ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट मिसळून फवारावे. अर्थात शेततळ्यात पाणी असल्यास पीक वाचवण्यापुरते एक संरक्षित पाणी त्याहून सरस. ताणानंतर जोरदार पाऊस होऊन कपाशी एकाएकी मलूल झाली, तर चर काढून साचलेले पाणी लगेच बाहेर काढावे.

कोरड्या उघडिपीत कपाशीवर फुलकिडे वाढतात, ढगाळ दमट हवेत मावा. मोठ्या सरीने दोन्ही बऱ्याच अंशी धुऊन जातात, तेव्हा पावसाच्या तोंडावर फवारणी करू नये.

तुरीला मात्र फुलोऱ्यात डोळ्यांत तेल घालून जपावे. आभाळ सलग भरून राहिले की फूलगळ होते आणि शेंगा पोखरणाऱ्या अळीचा धोका वाढतो. एकरी 2 कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे) लावावेत, कळ्यांवर एकेकटी घातलेली पिवळसर पांढरी अंडी शोधावीत आणि फुले लागताच 5 टक्के निंबोळी अर्क फवारावा. प्रत्येक सापळ्यात रोज 8 ते 10 पतंग सलग दोन-तीन दिवस सापडल्यास शिफारशीतील कीटकनाशक वापरावे. मोठ्या अळ्या औषधाला सहजी दाद देत नाहीत. झाडाखाली पोते अंथरून, झाड हलवून त्या वेचून नष्ट कराव्यात.