थंडीत गाडी सेल्फ घेत नाही? या चुका टाळा

आपल्याकडे ठाणे-नवी मुंबईत थंडी ती काय, जानेवारीत पहाटे पारा पंधरा-सोळावर आला की येऊरच्या पायथ्याशी राहणारे लोक महाबळेश्वरला असल्यासारखे स्टेटस टाकतात. तेवढ्या गारठ्याने धडधाकट गाडी अडत नाही. तरी घोडबंदरच्या कुठल्याही सोसायटीत सकाळी पार्किंगमध्ये कुणीतरी सेल्फ मारत बसलेलं असतंच. दोष बहुतेक वेळा बॅटरीचा, आणि तिची वाट लागलेली असते एप्रिल-मेमध्ये. उन्हाने आतल्या प्लेट्स झिजतात, पाणी उडतं, पण तेव्हा ऑइल पातळ असतं म्हणून अर्धमेली बॅटरीपण खपून जाते, मग थंडीत तिची ताकद अजून कमी होते, ऑइल जड होतं आणि पितळ उघडं पडतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे चावी फिरवून धरून ठेवणं. स्टार्टर मोटर थोड्या वेळाच्या कामासाठी असते, पाच-सात सेकंद मारा, नाही झाली तर सोडा, अर्धा मिनिट थांबा आणि मगच परत. त्या अर्ध्या मिनिटात मगाशी काय ऐकलं ते आठवा. टकटकटकटक असा भराभर आवाज आणि मीटरवरचे लाईट मिणमिणतायत, म्हणजे बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल, म्हणजे बॅटरीला वायर जोडलेली असते ती जागा, ढिलं आहे. एकच ठसठशीत टक, लाईट एकदम झकास, पुढे काहीच नाही, तर संशय स्टार्टरवर. आणि इंजिन नेहमीसारखं गरागरा फिरतंय पण पेट घेत नाहीये, तर बॅटरीला उगाच बदनाम करू नका, तिथे पेट्रोल किंवा स्पार्कचा प्रॉब्लेम आहे. मेकॅनिकला फोनवर हे नीट सांगितलंत तरी त्याचं निम्मं काम होतं.

मॅन्युअल गाडी असेल तर क्लच पूर्ण दाबून सेल्फ मारा, गिअरबॉक्समधलं जड ऑइल घुसळायचा भार कमी होतो. एसी, हेडलाईट, म्युझिक सगळं बंद. आणि एक्सलेटर पंप करायची सवय कार्बोरेटरच्या जमान्यातली आहे, आताच्या इंजेक्शनच्या गाडीत किती पेट्रोल सोडायचं ते कम्प्युटर ठरवतो, त्याला ठरवू द्या. चावी ऑन करून दोन-तीन सेकंद थांबलात तर मागून पेट्रोलच्या पंपाची बारीक घूं ऐकू येते, ती थांबली की मारा. डिझेलवाल्यांनी मीटरवरचा वेटोळ्याचा लाईट विझेपर्यंत थांबायचं, तो हीटर प्लगचा असतो. इथे घाई केली तरी चालून जातं, पण माथेरानच्या पायथ्याला नाहीतर नाशिकला रात्रभर उघड्यावर गाडी लावलीत की सकाळी तीच घाई नडते.

सीएनजीवाले, हे तुमच्यासाठी. सिक्वेन्शियल किटची (प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस सोडणाऱ्या किटची) गाडी थंड असताना बहुतेक वेळा पेट्रोलवर सुरू होते आणि इंजिन तापल्यावर गॅसवर जाते. पण आपण काय करतो, गॅसच्या रांगेत तासभर उभे राहू पण दोनशेचं पेट्रोल टाकायचं जिवावर येतं, मग टाकीत तळाला महिनोन्‌महिने तेच शिळं पेट्रोल, आणि सकाळी गाडी खोकत बसते. वर पेट्रोलचा पंप टाकीतल्या पेट्रोलनेच थंड राहतो, टाकी कोरडी ठेवली तर तो जळतो आणि गॅसवर वाचवलेले पैसे तिथे जातात. पाव टाकी कायम ठेवा.

ऐरोली, वाशी, नेरूळ, खाडीकडच्या दमट हवेत अजून एक भानगड, टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड चढते. बॅटरी चांगली असूनही करंट पुढे जात नाही आणि लोक नवी बॅटरी घेऊन मोकळे होतात. आधी निगेटिव्ह काढा, मग पॉझिटिव्ह, खायच्या सोड्याच्या पाण्याने आणि जुन्या ब्रशने घासा, कोरडं करा, लावताना उलट क्रम, वर पेट्रोलियम जेलीचा हात.

गाडी फक्त रविवारी काढणारे खूप, एरवी स्टेशनपर्यंत रिक्षा आणि पुढे लोकल. रोज पाच मिनिटं नुसती चालू ठेवून बॅटरी चार्ज होत नाही, सेल्फला जेवढं गेलं तेवढंही धड भरून येत नाही. त्यापेक्षा आठवड्यातून अर्धा-पाऊण तास पाम बीचला नाहीतर घोडबंदरला चक्कर मारा.

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून सुरू करायला जंपर केबल लावताना लाल केबलने पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह, काळी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि काळीचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब, कारण बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि ठिणगी नको. लाल-काळी उलटी झाली तर ईसीयूचा, म्हणजे गाडीच्या कम्प्युटरचा, खर्च ऐकून घाम फुटेल. ऑटोमॅटिक गाडीला वॉचमनला बोलावून धक्का मारू नका, ती तशी सुरू होत नाही.

बॅटरी बदलायच्या आधी मल्टिमीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास पाहिजे, १२.२ म्हणजे निम्मीच भरलेली, आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४. चालू गाडीत एवढं येतच नसेल तर आधी अल्टरनेटर, म्हणजे चालू इंजिनवर बॅटरी चार्ज करणारा भाग, बघा. चार्जिंग व्यवस्थित आणि तरी दोन दिवसांत बॅटरी बसते, तर बाहेरून लावलेला डॅशकॅम किंवा ट्रॅकर रात्रभर करंट खातोय का ते वायरमनकडून तपासून घ्या, नाहीतर नवी बॅटरीपण तशीच बसेल.