द्राक्षाचा हंगाम लागण्याआधी टोळीला वळण कसं लावायचं

पिंपळगाव बसवंतजवळच्या एका पॅकहाऊसवर, म्हणजे निर्यातीची द्राक्षं साफ करून पेट्यांत भरतात तिथे, मी सुपरवायझर आहे. जानेवारी ते एप्रिल एवढाच खेळ. टोळीतल्या बऱ्याच बाया पेठ-सुरगाण्याहून येतात, त्यातल्या काही दरवर्षी नव्या. पहिल्या आठवड्यात जे वळण लागतं तेच शेवटपर्यंत राहतं. ते आपण लावलं नाही तर आपोआप लागतं, आणि आपोआप लागणारं वळण एकच: दिसलं तरी झाकून टाका.

युरोपला जाणाऱ्या ५ किलोच्या पेटीत ५०० ग्रॅमचे दहा पनेट, म्हणजे प्लास्टिकचे छोटे डबे. एका घडात एक कुजका मणी राहिला तर जहाजावर तीन-चार आठवडे तो शेजारचे मणी नासवत बसतो. तो मणी दिसतो फक्त कात्री हातात असलेल्या बाईला.

म्हणून आधी मजुरी बघा. पेटीमागे पैसे देत असाल तर क्वालिटीवर भाषण देऊ नका. घड उलटून बघायला लागणारा वेळ तिच्या मजुरीतून जातो, ती कशाला बघेल? रोजावर घ्या. मालक म्हणतील, काम मंदावेल. मंदावतं थोडं. फोडून पुन्हा भरलेल्या पेट्यांचा खर्च त्यांच्यापुढे मांडा.

मग एकच नियम: शंका आली तर कुणीही लाइन थांबवायची. हा नियम सांगून कुणी पाळत नाही. पहिल्यांदा कुणी थांबवते तेव्हा सगळ्यांचं लक्ष तुमच्या तोंडाकडे असतं. जा, घड हातात घ्या, "बरं केलं मावशी" असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणा. घड चांगला निघाला तरीही. कपाळाला आठी पडली की त्या हंगामात पुन्हा लाइन थांबत नाही. मुकादमाला हे आदल्या दिवशीच पटवून ठेवा. तुम्ही गोड बोलायचं आणि त्याने मागून शिव्या घालायच्या, मग सगळंच मुसळ केरात.

बाहेरून तक्रारीचा फोटो येईलच. अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या ऑनलाइन नोंदींमुळे माल कुठल्या बागेचा ते शोधता येतं, पण तेवढ्यावर थांबू नका. फोटो टोळीला दाखवा. "कुणी भरली?" नको, "आपल्याला दिसलं का नाही?" विचारा. उत्तरं कामाची मिळतात: टेबलावर उजेड कमी, कात्रीला धार नाही, सकाळचा माल दवाने ओला होता. ट्यूब आणि कात्र्या दुसऱ्याच दिवशी बदला, नाहीतर पुढच्या वेळी कुणी तोंड उघडणार नाही.

रात्री कंटेनर दारात उभा असताना कुणी लाइन थांबवली, तरी थांबू द्या. ड्रायव्हरला चहा पाजा आणि घड बघायला जा.