आज रात्रीच न्यायचं की सकाळपर्यंत थांबायचं? कुत्र्या-मांजराच्या आजारपणातला निर्णय

कुत्रं जेवलं नाही की सगळं घर काळजीत पडतं आणि दोन घास खाल्ले की निर्धास्त होतं. निर्णय नेमका इथेच चुकतो. चांगल्या तब्येतीचा मोठा कुत्रा एक वेळ जेवला नाही, पण पाणी पितोय, बेल वाजली की उठतोय, तर एक दिवस वाट पाहायला हरकत नाही. उलट गोचीडताप झालेलं कुत्रं सुरुवातीला थोडंफार खात राहतं आणि आत रक्त कमी होत जातं. त्यामुळे जेवणाच्या भांड्याआधी श्वास, हिरड्या आणि लघवी बघा.

श्वास प्राणी झोपलेला असताना मोजा. छाती एकदा वर-खाली झाली की एक श्वास. ३० सेकंद मोजून दुप्पट करा. मिनिटाला ३० च्या आत असेल तर ठीक. झोपेतही सतत ४० च्या वर जात असेल, किंवा प्राणी मान ताणून, कोपरं फाकवून बसला असेल आणि प्रत्येक श्वासाला पोट आत जात असेल, तर लगेच निघा. कुत्रा उकाड्यात जीभ काढून धापा टाकतो ते नेहमीचंच. मांजर आरामात बसलेलं असताना तोंड उघडून श्वास घेऊ लागलं, तर मात्र एक मिनिटही थांबू नका.

हिरड्या बघायला वरचा ओठ उचला आणि दाताच्या वर बोटाने दाबून सोडा. पांढरा पडलेला ठसा दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. पांढरट, निळसर, विटकरी लाल किंवा पिवळ्या हिरड्या म्हणजे त्याच वेळी दवाखाना. पिवळ्या बल्बखाली रंग फसवतो, त्यामुळे खिडकीपाशी किंवा मोबाईलच्या टॉर्चमध्ये बघा. काही कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात; तिथे खालची पापणी ओढून आतला भाग बघायचा. प्राणी ठणठणीत असतानाच हे दोन-तीनदा करून ठेवा, म्हणजे त्याचा नेहमीचा रंग ओळखीचा होतो. हिरड्या फिकट, अंगात ताप, नाकातून रक्त किंवा कॉफीच्या रंगाची लघवी दिसली तर गोचीडतापाची शंका घ्या आणि त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. अंगावर आज गोचीड सापडली नाही म्हणून ही शंका सोडू नका.

नाक कोरडं आहे की ओलं, यावरून ताप कळत नाही. साध्या डिजिटल थर्मामीटरच्या टोकाला व्हॅसलीन लावा, शेपटी उचलून गुदद्वारात साधारण २ सेंमी सरकवा आणि बीप होईपर्यंत धरा. कुत्र्या-मांजराचं तापमान १०० ते १०२.५ अंश फॅरेनहाइट असतं, आपल्या ९८.६ शी तुलना करू नका. १०३.५ च्या वर असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. १०५ च्या वर किंवा ९९ च्या खाली असेल तर लगेच.

लघवीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. बोका पुन्हा पुन्हा मातीच्या ट्रेमध्ये जाऊन बसतो, ओरडतो, मागचा भाग चाटत राहतो आणि लोक म्हणतात, ‘शी अडकली असेल.’ अनेकदा अडकलेली असते लघवी. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो, त्यात खडे किंवा चिकट गाठ बसते, रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि हृदय बंद पडू शकतं. लघवीचा थेंबही येत नसेल तर सकाळची वाट पाहू नका.

मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्याचं (जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन) पोट अचानक फुगलं, ओकारीचे उमाळे येतात पण बाहेर काहीच पडत नाही, तर जठराला पीळ पडलेला असू शकतो. हाती फार थोडे तास असतात. फिट ५ मिनिटांत थांबली नाही किंवा २४ तासांत दुसरी आली, तरीही लगेच निघा. नसबंदी न केलेली मादी माजावर येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांत खूप पाणी पिऊ लागली, मलूल झाली, तर गर्भाशयात पू झाला असू शकतो. स्राव बाहेर दिसेलच असं नाही. लस पूर्ण न झालेल्या पिल्लाला उलट्या आणि दुर्गंधीयुक्त, रक्ताळ जुलाब लागले तर पार्व्हो (विषाणूमुळे होणारा आतड्यांचा आजार) धरून चाला. पिल्लू काही तासांत सुकून जातं. घरी ताक-भात देत बसू नका.

जखमेतून रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडकं ५ मिनिटं सलग दाबून धरा. मध्येच उचलून बघितलं की धरलेली गाठ निघते. चावल्याचं भोक बाहेरून बारीक दिसतं, पण मांजरात दोन-चार दिवसांनी तिथेच पू होतो. पावसाळ्यात कानामागे किंवा शेपटीखाली कुजका वास आला तर केस बाजूला करून बघा, अळ्या पडलेल्या असू शकतात. पेट्रोल, टर्पेंटाइन, फिनाईल ओतू नका. कातडी भाजते, आणि फिनाईल मांजराच्या जिवावर बेतू शकतं.

घरातल्या गोळ्यांचंही तसंच. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराला मारू शकते, आयबुप्रोफेन कुत्र्याच्या जठरात व्रण करतं आणि मूत्रपिंड बिघडवतं. उंदराचं औषध खाल्लेलं कुत्रं पहिले दोन दिवस हुंदडत असू शकतं. रक्तस्राव तीन ते पाच दिवसांनी सुरू होऊ शकतो, म्हणून लक्षणांची वाट न पाहता औषधाचं पाकीट घेऊन दवाखान्यात जा. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका.

उन्हाने कोसळलेल्या कुत्र्याच्या अंगावर साधं नळाचं पाणी ओता, पंखा लावा आणि तापमान १०३.५ पर्यंत आलं की थांबा. नंतर तो उठून बसला तरी न्या, आतल्या अवयवांना झालेली इजा उशिरा दिसते.

एक सावधगिरी माणसांसाठी. स्वभाव अचानक बदलला, लाळ गळतेय, गिळता येत नाही, आवाज बदललाय, तर घशात हाड अडकलंय समजून तोंडात हात घालू नका. रेबीज असू शकतो. चावा किंवा ओरखडा झाला तर जखम साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी स्वतः लस घ्या.

नेताना अपघातातल्या कुत्र्याला चादरीवर सरकवून दोघांनी सपाट उचला. वेदनेत घरचं कुत्रंही चावतं, म्हणून तोंड पट्टीने बांधा. उलटी होत असेल किंवा धाप लागली असेल तर मात्र बांधू नका. मांजराला झाकणाच्या टोपलीत ठेवा. निघण्याआधी दवाखान्यात फोन करून वजन, वय, शेवटची लघवी कधी झाली आणि हिरड्यांचा रंग सांगा. रात्री डॉक्टर हजर आहेत का, ऑक्सिजन आहे का, हेही त्याच फोनवर विचारा.